तुस्कानो : गांव सुटल्यावर मिळणारें नांव

घरांत सहज उच्चारला गेलेला एखादा शब्द धरावा आणि त्याचा माग काढीत दूरवर जाऊन यावें, हा या सदराचा परिपाठ वाचकांच्या परिचयाचा आहे. या खेपेचा शब्द एक आडनांव आहे. तें आमच्या घरांत पहिल्यानें उच्चारलें गेलें, तेव्हां पंगतींत क्षणभर जी शांतता पसरली ती सांगितल्यावांचून त्या आडनांवाची हकीकत सांगितली तर ती अपुरी राहील. म्हणून आधीं ती.

आमचें बिऱ्हाड बोरिवलीस आहे. घरांत तीन पिढ्यांचीं माणसें एकत्र राहतात, आणि सणावाराला बाहेरच्यांसाठीं चार पानें जास्त मांडलीं गेलीं नाहींत, असें सहसा होत नाहीं. गेल्या गौरीजेवणाला पुतण्याच्या मुलीनें महाविद्यालयांतील आपल्या एका मैत्रिणीस बोलाविलें होतें. मुलगी मोठी चुणचुणीत. पुरणपोळीवर तूप घेतांना तोंडानें ती नको नको म्हणत होती, पण पान मात्र पुढें करीत होती. तेवढ्यावरूनच ती आमच्या वहिनींच्या मर्जीस उतरली. वाढतां वाढतां वहिनींनीं तिचें नांव विचारलें. नांवापाठोपाठ आडनांव विचारणें हें ओघानें आलेंच. मुलगी म्हणाली, "तुस्कानो."

वहिनींच्या हातांतला डाव थांबला. "म्हणजे तुझी माणसें मूळचीं बाहेरचीं का ग? इकडे केव्हां आलीं?" त्यांच्या विचारण्यांत कुत्सितपणा मुळींच नव्हता, होतें तें निव्वळ कुतूहल.

मुलगी हंसून म्हणाली, "आजी, आम्ही कुठून येणार? आम्ही वसईचेच. आमची वाडी अजून आहे तिथें." आणि तितक्याच सहजपणें तिनें उलट विचारलें, "तुम्ही कुठले?"

"आम्ही मूळचे रत्नागिरीकडचे. मग मामंजी पुण्याला आले. इथें येऊन आम्हांला साठ वर्षें होतील."

"म्हणजे आम्ही तुमच्या आधींचे!"

ती थट्टेनें बोलली, आणि मुलें हंसलींहि. मोठीं माणसें मात्र गप्प बसलीं. रात्रीं निरवानिरव झाल्यावर वहिनी माझ्याकडे येऊन म्हणाल्या, "भावजी, त्या पोरीला मीं तिच्याच गांवांत पाहुणी ठरविलें. पण मग तें आडनांव आलें तरी कुठून?"

वहिनींच्या या प्रश्नाचें उत्तर देण्यासाठीं वसईहून निघून थेट इटलीपर्यंत जावें लागतें. तुस्कानो हें मूळचें तोस्कानो. इटली देशाच्या मध्यभागीं तोस्काना नांवाचा प्रांत आहे. इंग्रजी वळणानें आपण त्यास टस्कनी म्हणतों. फ्लॉरेन्स, पीसा, सिएना हीं नगरें तेथलीं. महाकवि दान्ते तेथलाच. आणि आपल्याकडे पुण्याच्या बोलीस जसा प्रमाणभाषेचा मान मिळाला, तसा इटलींत तो तोस्कानाच्या बोलीस मिळाला. तोस्कानो म्हणजे तोस्कानाचा मनुष्य. आपला प्रत्यय लावून सांगावयाचें, तर 'तोस्कानकर'. पोर्तुगीज भाषेंत ज्या 'ओ'वर आघात नसतो तो 'उ'सारखा उच्चारला जातो. त्यामुळें 'तो'चा 'तु' झाला, आणि वसईच्या जिभेनें तो तसाच जपून ठेवला. म्हणजे हें नांव इटलींत जन्मलें असलें तरी आपल्या किनाऱ्यास लागलें तें पोर्तुगिजांच्या तोंडून, हें त्याचें पहिलें अक्षरच सांगत आहे.

इटलींतील आडनांवांची जात आपल्याहून फारशी निराळी नाहीं. आपल्याकडे गोरे, काळे आणि पिंगळे आहेत. तिकडे रोस्सी आहेत. रोस्सी म्हणजे तांबूस केसांचा किंवा तांबूस वर्णाचा, आणि तें त्या देशांतील सर्वांत अधिक आढळणारें आडनांव आहे. आपल्याकडे लोहार, तिकडे फेर्रारी. ज्या मोटारींच्या नांवानें आमच्या घरांतील मुलें वेडावून जातात, त्या नांवाचा अर्थ लोहारच. नेपल्सकडे एस्पोझितो नांवाचीं हजारों घरें आहेत. एस्पोझितो म्हणजे 'बाहेर ठेवलेला'. अनाथालयाच्या दाराशीं कोणी मूल ठेवून गेलें, तर त्यास हें आडनांव देत. त्या मुलांस पुढें मुलें झालीं, नातवंडें झालीं, भरलीं घरें झालीं. आज त्या नांवाचा मनुष्य कांहीं पोरका नसतो. एखाद्या पूर्वजाच्या आयुष्यांतील एका दिवसाची गोष्ट आडनांव लक्षांत ठेवतें, आणि तो दिवस उलटून गेल्यावरहि शतकानुशतकें तीच सांगत राहतें.

आतां यांतील खरी मौज पाहा. तोस्कानो हें आडनांव तोस्काना प्रांतांत भरपूर असावें, असें कोणासहि वाटेल. प्रत्यक्षांत तें इटलीच्या दक्षिण टोंकाकडे, कालाब्रिया, सिसिली आणि कांपानिया या भागांत, अधिक आढळतें. विचार केला म्हणजे याचें कारण सहज उमगतें. तोस्कानांत राहणारा प्रत्येकजणच तोस्कानो. तेथें त्या नांवानें एकास दुसऱ्यापासून वेगळें कसें करणार? पण तोच मनुष्य व्यापारासाठीं किंवा चाकरीसाठीं दक्षिणेंत जाऊन राहिला, कीं शेजारीपाजारी त्यास 'तो तोस्कानाहून आलेला' असें म्हणूं लागतात, आणि त्याचीं नातवंडें तेंच नांव घेऊन वाढतात. पुढें एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस दक्षिण इटलींतील लाखों लोक पोटासाठीं आगबोटीनें न्यूयॉर्क, ब्वेनोस आयरिस आणि साव पावलो येथें गेले. त्यांजबरोबर हें नांवहि समुद्र ओलांडून गेलें. ज्या प्रांताचें नांव लावावयाचें तो प्रांत त्यांच्या आजे-पणज्यांनींहि पाहिला नसेल.

हें वाचून आपल्या घरांतील 'कर' मंडळींस हंसूं आल्यावांचून राहणार नाहीं. पुण्यांत पुणेकर या आडनांवाचें विशेष काय? तेथें सगळेच पुणेकर. चिपळुणांत असेपर्यंत कोणी चिपळूणकर होत नाहीं. घाट चढून वर आल्यावर तो चिपळूणकर होतो. विष्णुशास्त्री चिपळूणकर १८५० सालीं जन्मले ते पुण्यांत. आगरकरांचा जन्म १८५६ चा, आणि तो कऱ्हाडजवळच्या टेंभू गांवीं. गांव सुटल्यावांचून गांवाचें आडनांव मिळत नाहीं. माझें स्वतःचें आडनांव ज्या गांवावरून पडलें तें गांव मीं उभ्या जन्मांत एकदांच पाहिलें आहे, आणि तेथें आमच्या जोत्याची जागा दाखविणाऱ्या गृहस्थांस आमच्या घराण्याविषयीं दुसरें कांहींच ठाऊक नव्हतें. तेव्हां आमचें आडनांव म्हणजे आम्ही कोठून निघालों याची पावती. त्या मुलीचें आडनांव कशाची पावती आहे, तें आतां पाहावयाचें.

पोर्तुगालचीं गलबतें हिंदुस्थानच्या वाटेस लागलीं तेव्हां त्यांवर केवळ पोर्तुगीजच होते असें नाहीं. लिस्बन शहरांत फ्लॉरेन्सच्या सावकारांच्या पेढ्या होत्या. त्यांपैकीं मार्किओन्नी नांवाच्या सावकारानें १५०० सालच्या काब्रालच्या आरमारांत पैसा गुंतविला होता. जोव्हान्नी दा एम्पोली १५०३ सालीं आल्बुकेर्कच्या बरोबर आला. आंद्रेआ कोर्साली या फ्लॉरेन्सच्या गृहस्थाचीं १५१६ च्या सुमाराचीं कोचीनहून धाडलेलीं पत्रें प्रसिद्ध आहेत. हे सारे तोस्कानो. गोव्यास बों जेझूच्या मंदिरांत सेंट झेविअरच्या अवशेषांखालीं जो संगमरवरी चौथरा आहे, तोहि तोस्कानाच्या ग्रँड ड्यूकनें फ्लॉरेन्सहून करवून धाडलेला; तो १६९८ सालीं बसविला गेला.

या सर्वांत आपल्या वाचकांस अधिक जवळचा वाटेल तो फिलिप्पो सास्सेत्ती. हा फ्लॉरेन्सचा व्यापारी १५८३ सालीं हिंदुस्थानांत आला. मिरीच्या खरेदीचा तो हिशेब ठेवी, आणि त्यांतून उरलेला वेळ येथील वनस्पति, औषधें आणि विद्या यांची चौकशी करण्यांत घालवी. संस्कृत भाषेविषयीं ऐकतां ऐकतां त्याचे कान टवकारले. घरीं धाडलेल्या एका पत्रांत त्यानें कळविलें, कीं या लोकांच्या विद्येची जी भाषा आहे तींत आमच्यासारखेच कितीतरी शब्द आहेत. सहा, सात, आठ, नऊ या संख्या, देव आणि सर्प हे शब्द त्यानें उदाहरणादाखल दिले. इटालियन भाषेंत त्यांस सेई, सेत्ते, ओत्तो, नोव्हे, दीओ आणि सेर्पे म्हणतात. षट्, सप्त, अष्ट, नव, देव, सर्प यांच्याशीं ते कोणींहि ताडून पाहावेत. सर विल्यम जोन्सनें संस्कृत, ग्रीक आणि लॅटिन या भाषांचें नातें कलकत्त्यास जाहीर केलें तें १७८६ सालीं, म्हणजे या पत्रानंतर दोनशें वर्षांनीं. सास्सेत्ती १५८८ सालीं गोव्यास वारला. आपल्या भाषेंत आणि त्याच्या भाषेंत एकच रक्त खेळत आहे, हें ओळखणारा एक खराखुरा 'तुस्कानो' आपल्याच किनाऱ्यावर होऊन गेला, ही गोष्ट मला मोठी गोड वाटते.

परंतु यावरून वसईचे तुस्कानो हे अशा कोणा इटालियन व्यापाऱ्याचे वंशज, असा निष्कर्ष कोणी काढील तर तो चुकेल. नांव आलें म्हणजे रक्त आलें असें होत नाहीं. आणि वसईंत नांव कसें आलें याचा रिवाज स्पष्ट आहे.

गुजराथचा सुलतान बहादूरशहा यानें १५३४ च्या डिसेंबरांत वसई आणि तिच्याखालचा मुलूख पोर्तुगिजांस दिला. आज आपण ज्यास मुंबईचीं उपनगरें म्हणतों तीं अंधेरी, बोरिवली, मुलुंड, घाटकोपर हीं सारीं त्या वेळच्या साष्टी बेटावरचीं गांवें. तींहि त्याच वेळीं पोर्तुगिजांकडे गेलीं. पाठोपाठ फ्रान्सिस्कन आणि जेजुइट पाद्री आले. गांवचे गांव बाप्तिस्मा घेऊं लागले. कोठें मनानें, कोठें सवलतीसाठीं, कोठें दडपणाखालीं. बोरिवलीचें मंडपेश्वराचें लेणें तेव्हांच चर्चमध्यें रूपांतरित झालें, आणि त्याच्या माथ्यावर मठ उठला. आज लेण्यांत पुन्हां महादेव आहे, माथ्यावर मठाचे भग्न अवशेष आहेत आणि दगडांत कोरलेला क्रूसहि आहे. खडक तोच, त्याचीं नांवें मात्र तीनदां बदललीं.

बाप्तिस्म्याच्या वेळीं प्रत्येकास एक धर्मबाप लागे. तो बहुधा पोर्तुगीज असावयाचा: एखादा शिपाई, कप्तान, जमीनदार किंवा स्वतः पाद्री. नव्या मनुष्यास नांव मिळे संतांचें आणि आडनांव मिळे या धर्मबापाचें. १५६३ सालीं ट्रेंट येथील धर्मपरिषदेनें बाप्तिस्मे आणि विवाह यांच्या नोंदवह्या प्रत्येक चर्चनें ठेवाव्या असें ठरविलें, आणि त्या वहींत एकदां चढलेलें आडनांव पिढ्यान्‌पिढ्या कायम झालें. दोन सख्ख्या भावांचे धर्मबाप निराळे असले, तर एक भाऊ लोपीस आणि दुसरा परेरा. आणि ज्यांचा एकमेकांशीं कांहींहि संबंध नाहीं अशीं दोन घरें एकाच दिवशीं तुस्कानो होऊं शकत. म्हणून या आडनांवावरून गोत्र, कुळ किंवा देश कांहींच ठरत नाहीं. त्या दिवशीं शेजारीं कोण उभें होतें, एवढेंच त्यावरून समजतें.

वसईकडील ज्या समाजांत हें आडनांव विशेष आहे, त्या समाजाचें नांवहि याच प्रसंगांतून आलें आहे. त्यांस कुपारी म्हणतात. मुलाचा बाप आणि त्याचा धर्मबाप यांच्यांतील नात्यास पोर्तुगीज भाषेंत 'कोंपाद्रि' म्हणतात, आणि त्यावरून कुपारी हा शब्द झाला असें मानितात. हा समाज म्हणजे वसईच्या सामवेदी ब्राह्मणांपैकीं बाप्तिस्मा घेतलेलीं घरें. वाचकांनीं येथें थोडें थांबावें. वसईंत सामवेदी ब्राह्मण आजहि आहेत, आणि त्यांची जी घरगुती बोली, जिला कादोडी म्हणतात, तीच बोली कुपारी लोक आपल्या घरांत बोलतात. एकाच्या देव्हाऱ्यांत शाळिग्राम आणि दुसऱ्याच्या भिंतीवर क्रूस. पण दोघांच्या घरीं मुलास निजवितांना आई बोलते ती बोली एकच. चारशें वर्षांत आडनांव बदललें, देव बदलला, राज्यें तर चार वेळां बदललीं. आईची बोली बदलली नाहीं.

राज्यें बदललीं त्यांतील एक प्रसंग आपल्या घरोघरीं अभिमानानें सांगितला जातो. १७३९ च्या मे महिन्यांत चिमाजी आप्पांनीं वसईचा किल्ला घेतला. पोर्तुगीज आपलीं बायकामुलें आणि चीजवस्त घेऊन सन्मानानें निघून गेले. त्यांचे बहुतेक पाद्रीहि गेले. जे गेले नाहींत ते येथलेच होते. तहांत मागें राहूं इच्छिणाऱ्या ख्रिस्ती लोकांस आपल्या धर्माप्रमाणें उपासना करण्याची मोकळीक मान्य झाली होती, आणि येथल्याच पाद्र्यांनीं पुढें त्यांचीं चर्चें संभाळलीं. म्हणजे खरे परके कोण आणि घरचे कोण, याचा निवाडा त्या वर्षींच होऊन गेला. परके गलबतांत बसले, घरचे वाडींत राहिले. घरच्यांजवळ परक्यांचीं आडनांवें तेवढीं राहून गेलीं.

आणि देवाणघेवाण एकाच बाजूनें झाली असेंहि नाहीं. मोठ्यानें बोलणाऱ्या मनुष्यास आपण 'नारोशंकराची घंटा' म्हणतों. नाशिकास गोदावरीकांठीं नारोशंकर राजेबहाद्दरांनीं १७४७ सालीं बांधलेल्या देवळाच्या दारावर ती घंटा आहे. तिच्यावर पोर्तुगीज अक्षरें आहेत आणि १७२१ हा सन आहे. वसईच्या विजयाची ती खूण. घंटा ओतली गेली चर्चसाठीं आणि प्रसिद्धि पावली शिवालयाच्या नांवानें. शिवाय ज्यांच्या नांवानें ती ओळखली जाते, त्यांचें मूळ आडनांव दाणी. राजेबहाद्दर हा किताब पुढें आडनांवासारखा चिकटला. परक्या घंटेस मराठी नांव मिळालें म्हणून तिचा नाद बदलला नाहीं; मराठी माणसास परकें नांव मिळालें म्हणून त्याचाहि बदलला नाहीं.

वसईच्या खाडीच्या अलीकडे, म्हणजे आपल्या उपनगरांत, हीच कथा थोड्या फरकानें घडली. आंबोली, मरोळ, चकाला, घाटकोपरजवळचें किरोळ, बोरिवलीपलीकडचें गोराई या गांवठाणांत कोळी, आगरी, भंडारी, कुणबी अशा जातींचीं घरें ख्रिस्ती झालीं आणि परेरा, फर्नांडिस, रॉड्रिग्ज, डिमेलो अशीं नांवें वागवूं लागलीं. परेरा म्हणजे नासपतीचें झाड, आपल्या पिंपळखऱ्यांसारखें. फर्नांडिस म्हणजे फर्नांदोचा पुत्र. मरोळजवळ जेजुइटांनीं १५७९ सालीं बांधलेलें सेंट जॉनचें चर्च होतें. सांथीमुळें १८४० सालीं तें सोडून गांव हललें, आणि त्याच्या भिंती आज सीप्झच्या कारखान्यांच्या आवारांत झाडोऱ्यांत उभ्या आहेत. पुढें इंग्रजी अमलांत गोवा आणि मंगळूर येथून ख्रिस्ती लोक नोकरीसाठीं मुंबईस येऊं लागले. त्यांचींहि आडनांवें तींच! तेव्हां येथल्या मूळ रहिवाशांस, आपण बाहेरून आलेले नव्हों हें सांगण्याची पाळी आली. १८८७ सालीं व्हिक्टोरिया राणीच्या राज्याचा सुवर्णमहोत्सव झाला, त्या सुमारास त्यांनीं 'ईस्ट इंडियन' हें नांव घेतलें. म्हणजे आपण येथलेच आहों हें सांगण्यासाठीं त्यांस एका इंग्रज कंपनीच्या नांवाचा आश्रय करावा लागला. आपल्या आडनांवानें आपली साक्ष दिली नाहीं, म्हणजे माणसावर अशी वेळ येते.

तुस्कानो हें नांव मात्र मुख्यत्वें वसईचेंच राहिलें. तेथून रेल्वेच्या पश्चिम मार्गानें तें बोरिवली-अंधेरीपर्यंत आलें, आणि अलीकडच्या दोन पिढ्यांत आखाती देश, कॅनडा, ऑस्ट्रेलिया येथवर पोंचलें. तिकडे एखाद्या वसईकर तुस्कानोची न्यूयॉर्ककडील सिसिलियन तोस्कानोशीं गांठ पडली, तर दोघे एकमेकांस भाऊबंद समजून हात मिळवितील, आणि दोघांपैकीं एकालाहि तोस्काना ठाऊक नसेल.

हें सारें वहिनींस मीं चार-पांच रात्रीं मिळून सांगितलें. त्यांनीं तें ऐकून घेतलें आणि विचारलें, "हें तुम्ही मला सांगितलेंत, त्या पोरीला कोण सांगणार, कीं मला आतां कळलें म्हणून?"

त्या मुलीनेंच मग आम्हांस नाताळानंतर वसईस बोलाविलें. वहिनींनीं तिच्या आजीसाठीं खण-नारळ घेतला. मीं म्हटलें, त्यांच्यांत चालतो कीं नाहीं कोण जाणे, तर त्या म्हणाल्या, "बाईला खण चालत नाहीं असें कुठें झालें आहे?" वाडी जुनी होती. केळींचे दाट बन, पानवेलींचे मांडव, आणि मध्यें विहीर. ओटीवर लाल लुगडें नेसलेली आजी बसली होती. तिनें खण डोळ्यांस लावला, आणि आम्हांपुढें सुकेळीं ठेविलीं. दोघींची बोलणीं सुरू झालीं तीं केळीं वाळविण्यापासून. मी आणि मुलें तिसऱ्या ओळीचे श्रोते.

बोलतां बोलतां कळलें, कीं वाडी विकण्याचें घाटत आहे. आजीचे तिन्ही मुलगे तीन गांवीं. विहिरीचें पाणी मचूळ होत चाललें आहे. आणि शेजारच्या दोन वाड्यांवर सहा-सहा मजले चढलेहि आहेत. फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांनीं हरित वसईची चळवळ चालविली, ती याच वाड्यांसाठीं. त्याच दिब्रिटोंस मराठी साहित्यिकांनीं २०२० सालीं उस्मानाबादच्या संमेलनाचें अध्यक्षपद दिलें. ते २०२४ सालीं वारले. आजी त्यांच्याविषयीं घरच्या माणसाविषयीं बोलावें तसें बोलत होती.

मग ती वहिनींस म्हणाली, "बाई, तुमच्या नांवांत तुमचें गांव आहे. तुम्ही कुठेंहि गेलांत तरी तें बरोबर येतें. आमच्या नांवांत आमचें गांव नाहीं, दुसऱ्याच कुणाचें आहे. वाडी गेली, कीं आम्ही वसईचे हें कशावरून सांगायचें?"

मी इतके दिवस जमविलेल्या सनावळींत या प्रश्नास उत्तर नव्हतें. आमच्या आडनांवानें आमचें सुटलेलें गांव जपलें आहे. तिच्या आडनांवानें तिचें न सुटलेलें गांव झांकून टाकलें आहे. इतके दिवस तें झांकलें गेलें तरी बिघडलें नव्हतें, कारण पायांखालीं वाडी होती. वहिनी कांहीं वेळ बोलल्या नाहींत. मग त्यांनीं नातीकडे बोट दाखविलें आणि विचारलें, "हिला तुमची बोली येते ना?"

"येते तर! माझ्याशीं तीच बोलते."

"मग हिच्या मुलांनाहि येऊं दे," वहिनी म्हणाल्या. "आमच्या घरांत नांव राहिलें, पण रत्नागिरीकडची सासूबाईंची बोली माझ्या मुलांना येत नाहीं. नांवानें गांव राहतें असें तुम्हांला वाटतें; तसें नाहीं हो तें."

वाडीचें काय ठरलें तें अजून कळलेलें नाहीं. परतीच्या गाडींत वहिनींनीं सुकेळ्यांचा पुडा मांडीवर घट्ट धरला होता. आपल्या वाचकांपैकीं प्रत्येकानें घरांतील सर्वांत वडील माणसास एकदां विचारून पाहावें, कीं आपलें आडनांव कोणत्या दिवसाची आठवण सांगतें, आणि त्या गांवची बोली आतां घरांत कोणास येते. पंगतींत पुन्हां कोणी नव्या नांवाचें पाहुणें आलें, तर 'केव्हां आलांत' हें विचारण्याची घाई करूं नये. येत्या गौरीजेवणासाठीं वहिनींनीं आमच्या घरीं दोन पानें आतांच मोजून ठेविलीं आहेत: एक नातीचें, आणि एक आजीचें.